इंजिन रिमॅपिंग
इंजिन रिमॅपिंग म्हणजे मोटारीच्या ईसीयू या नियंत्रक संगणकातील मूळ आज्ञावली बदलून इंधनाचे प्रमाण, प्रज्वलनाची वेळ व टर्बोचा दाब नव्याने ठरवणे. टर्बो इंजिनाची शक्ती यामुळे लक्षणीय वाढते. साध्या इंजिनात लाभ अल्प असतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली, फोंडा, करूळ यांसारख्या घाटांच्या चढणीवर हा फरक जाणवतो. मात्र क्लच, गिअरबॉक्स व टर्बोवरील ताणही वाढतो.

हमी: अनधिकृत फेरबदलामुळे झालेला बिघाड उत्पादकाच्या हमीतून सहसा वगळलेला असतो. मूळ आज्ञावली पुन्हा बसवली, तरी अनेक ईसीयूंमध्ये बदलाची खूण उरते.

विमा: विमा करार परम सद्भावनेच्या तत्त्वावर आधारलेला असतो. बदल न कळवल्यास स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. तृतीय पक्ष विमा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्तीचा आहे. परंतु त्यातून मालकाच्या गाडीची भरपाई मिळत नाही.

कायदा: नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल, असा फेरबदल करण्यास याच अधिनियमाचे कलम ५२ मनाई करते.

परिणामी, हमी व विमा यांनी उचललेली जोखीम रिमॅपिंगनंतर बव्हंशी मालकाकडे येते. त्यामुळे हमीची उर्वरित मुदत तपासणे आणि विमा कंपनीची लेखी संमती आधीच घेणे आवश्यक ठरते.