घरातला कापूस आणि मॉडेलचे ठोकळे

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा शुद्धलेखन पोटात घाला. पण हा विषय आमच्या अकोटच्या घरातलाच आहे.

2022 मध्ये आमच्याकडे कापूस दहा हजारांच्या वर गेला होता. 2023 च्या सुरुवातीला तो आठ हजारांच्या आसपास आला. बाबा म्हणाले, "दहाच्या खाली देनार नाई. भाव येईन, थांब जरा." समोरची खोली छतापर्यंत भरली, अंगाला खाज सुटली, आणि मी बारावीचा अभ्यास स्वयंपाकघरात केला! शेवटी पेरणीला पैसा हवा म्हणून कापूस सातच्या आसपास विकावा लागला.

इंजिनिअरिंगला आल्यावर 'सिस्टिम डायनॅमिक्स' वाचलं. एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी 1950 च्या दशकात हे शास्त्र उभं केलं. 1961 साली त्यांचं 'इंडस्ट्रियल डायनॅमिक्स' आलं. पुढे जिम हाइन्स यांनी मॉडेलमध्ये पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे वेगळे काढले आणि त्यांना 'मॉलिक्यूल्स' म्हटलं. आपण ठोकळे म्हणू. दरवेळी नवं मॉडेल पहिल्यापासून न बांधता तपासलेले ठोकळे जोडायचे.

पहिला ठोकळा साठ्याचा. खोलीतला कापूस म्हणजे साठा. वेचणीने तो भरतो, विक्रीने रिकामा होतो. टाकी आणि तिचे दोन नळ, बस्स!

दुसरा ठोकळा अपेक्षेचा. माणसाची अपेक्षा एका दिवसात बदलत नाही. दर महिन्याला ती खऱ्या भावाकडे थोडीच सरकते. किती? दोघांतला फरक भागिले सवय मोडायला लागणारा काळ. अपेक्षा 10000, भाव 8000 आणि काळ चार महिने धरा. पहिल्या महिन्यात अपेक्षा 500 ने उतरून 9500 होते, दुसऱ्यात 9125, तिसऱ्यात सुमारे 8844. भाव आठवरच राहिला तरी तीन महिन्यांनी मन पावणेनऊच्या खाली येत नाही!

तिसरा ठोकळा तुलनेचा. भाव अपेक्षेपेक्षा कमी असेल तर विक्रीचा नळ बंद.

आता तिन्ही जोडा. खोली भरलेलीच राहते, आणि पेरणी आली की गावोगावच्या खोल्या एकदम उघडतात. मग भाव आणखी दबतो. (भाव जागतिक बाजारावरही ठरतो, हे खरं. उद्याचा भाव हे मॉडेल सांगत नाही. आपला उशीर कुठे होतो, ते दाखवतं.)

गंमत म्हणजे हाच अपेक्षेचा ठोकळा कॅन्टीनलाही चालतो. भावाच्या जागी पोह्यांच्या प्लेटा लिहा. सुट्टीनंतर गर्दी वाढली तरी कॅन्टीनवाले काका काही दिवस कमीच पोहे का करतात, ते कळेल. नावं बदलतात, समीकरण तेच.

दिवाळीत हे सगळं बाबांना कागदावर काढून दाखवलं. म्हटलं, अर्धा कापूस आधीच विकला असता तर पेरणीच्या वेळी अडलो नसतो. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मंग तवा काऊन नाई सांगतलं बे?"

काय सांगू, तेव्हा मीपण दहाचीच वाट पाहत होतो!