‘रुचकर शांती’चा व्यापार

युगांडाच्या पूर्व सीमेवर माउंट एल्गॉन हा ४,३२१ मीटर उंचीचा मृत ज्वालामुखी उभा आहे. त्याच्या उतारावर केळीच्या सावलीत अरेबिका जातीची उत्तम कॉफी पिकते. पायथ्याशी असलेल्या म्बाले शहराच्या परिसरात ख्रिस्ती, मुसलमान आणि ज्यू कुटुंबे शेजारी राहतात. तिघांचीही शेती लहान, आणि रोख उत्पन्नाचे मुख्य साधन एकच : कॉफी.

या पिकाचा भाव मात्र दूरच्या बाजारांत ठरतो. देशादेशांच्या निर्यातीचा वाटा ठरवणारी आंतरराष्ट्रीय कोटापद्धती जुलै १९८९ मध्ये कोसळली आणि २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाचा दर पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेला. वर्षभराच्या कष्टांतून शेतकऱ्याचा खर्चही निघेना.

त्याच वर्षी ११ सप्टेंबरला म्बालेजवळचे ज्यू शेतकरी व संगीतकार जे. जे. केकी न्यूयॉर्कमध्ये होते. तेथील संहार पाहून ते परतले आणि २००४ मध्ये तिन्ही धर्मांच्या शेजाऱ्यांच्या दारी जाऊन त्यांनी एक सहकारी संस्था उभारली. नाव ठेवले ‘मिरेम्बे कावोमेरा’. लुगांडा भाषेत त्याचा अर्थ ‘रुचकर शांती’.

केवळ सद्भावनेवर संस्था चालत नाही. तिला गिऱ्हाईक लागते. कॅलिफोर्नियातील ‘थँक्सगिव्हिंग कॉफी कंपनी’ने हा माल न्याय्य व्यापाराच्या, म्हणजे फेअरट्रेडच्या, अटींवर घेण्यास आरंभ केला. या व्यवहारात धुतलेल्या अरेबिकाला हमीभाव असतो. २०२३ मध्ये तो पौंडाला १.८० डॉलर ठरला आणि त्यावर २० सेंटचे अधिमूल्य होते. बाजारभाव चढा असेल, तर तोच द्यावा लागतो. अधिमूल्याचा विनियोग सभासद बहुमताने ठरवतात.

यात दानाचा भाव नाही. लाल, पक्व फळेच तोडायची, त्याच दिवशी त्यांची साल काढायची, बी आंबवून स्वच्छ धुवायचे आणि जमिनीपासून उंच बांधलेल्या जाळीवर वाळवायचे, ही शिस्त सर्वांना पाळावी लागते. कारण सर्वांचा माल अखेर एकत्र होतो. एकाने कच्ची फळे मिसळली, तर शेजाऱ्याच्या मालाचीही प्रत उतरते. शेजाऱ्याची प्रार्थना निराळी असली, तरी त्याच्या प्रामाणिकपणावर आपले उत्पन्न अवलंबून आहे, हे येथे प्रत्येक हंगामात ध्यानी येते. परस्परविश्वास हा उपदेशाचा विषय न राहता रोजच्या व्यवहाराची गरज बनतो.

अशा संस्थांची खरी कसोटी लागते ती भाव चढल्यावर. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला चार डॉलरच्याही वर गेली. अशा वेळी हमीभाव निरुपयोगी ठरतो. खासगी खरेदीदार रोख रक्कम घेऊन शेतकऱ्याच्या दारात उभा राहतो, तर संस्थेचे पैसे माल निर्यात झाल्यावर हाती येतात. मुलांची शाळेची फी तोंडावर आलेला बाप कोणाला माल देईल, हे सांगणे नको. मग करार केलेला माल संस्थेने आणावा कोठून? म्हणूनच फेअरट्रेडच्या नियमांत आगाऊ रकमेची तरतूद आहे : संस्थेने मागणी केल्यास खरेदीदाराने कराराच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम आधी उपलब्ध करून द्यावी.

भांडवल गुंतवून हंगामाची वाट पाहणाऱ्या कोणत्याही पेढीला या तरतुदीचे मोल सहज कळेल. हमीभाव शेतकऱ्याला मंदीत तारतो; वेळेवर मिळालेली आगाऊ रक्कम त्याला तेजीतही संस्थेशी बांधून ठेवते. एल्गॉनच्या उतारावर तीन धर्मांच्या शेजाऱ्यांनी जोडलेले सख्य टिकायचे, तर दूरदेशीच्या गिऱ्हाइकाने शब्द पाळणे आणि तो वेळेवर पाळणे, दोन्ही आवश्यक आहे.