सात जणांची गाडी आणि दहा जणांचे कुटुंब

गेल्या महिन्यात देवपुरातील एक आजीबाई गुडघेदुखीची तक्रार घेऊन दवाखान्यात आल्या. सोबत मुलगा, सून आणि सुनेच्या कडेवर वर्षाचे बाळ. बोलता बोलता कळले की घरात नुकतीच मोठी गाडी आली आहे आणि तिच्यात चढता-उतरताना आजींचा गुडघा धरतो. येत्या रविवारी सर्व मंडळी सप्तशृंगीच्या दर्शनाला गडावर निघणार होती. किती जण, असे विचारले. मोठी माणसे आठ आणि मुले दोन. गाडी सात जणांची. मग बाळ कोठे बसणार? आजींनी हसत हसत आपली मांडी थोपटली. "गाडी मोठी शे ना!"

हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. १९९४ साली टाटांची सुमो आली तेव्हापासून ऐसपैस गाडीची आपल्याला गोडी लागली. पुढे २००० साली बोलेरो आणि २००२ साली स्कॉर्पिओ आली. आता तर तीन रांगांच्या उंच, वातानुकूलित गाड्या मध्यमवर्गीय घरांसमोरही उभ्या दिसतात. धुळ्यासारख्या तीन महामार्गांच्या गावात त्यांचा उपयोगही मोठा आहे. लग्न, देवदर्शन, नाशिक-मुंबईचे मोठे रुग्णालय, सगळे एकाच गाडीत होते. तेव्हा अशी गाडी घेऊ नका, असे मी सांगणार नाही. पण गाडीतली मोकळी जागा आणि माणूस बसण्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मात्र वैद्यकीय दृष्टीने सांगितलेच पाहिजे. जेथे पट्टा आहे तेथेच माणसाची जागा आहे. बाकीची जागा सामानाची.

असे का, ते पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकाएकी कशावर आदळून थांबली, तर गाडी थांबते, आतला माणूस थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जात राहतो. त्या वेगाने समोर आदळणे म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून म्हणा, खाली पडणे. वेग ताशी ८० असेल तर तीच उंची २५ मीटर होते. अशा क्षणी मांडीवरच्या १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला साधारण ३० पट, म्हणजे तीन क्विंटलचा जोर लागतो. कापसाच्या गाठोड्यांशी ज्यांचा संबंध येतो त्यांना तीन क्विंटल म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. आईची माया कितीही मोठी असली तरी तिच्या हातांत हे बळ नाही. त्यातून आईने स्वतः पट्टा लावलेला नसेल तर तिचेच सारे वजन बाळावर येते.

"मागे बसणाऱ्याला कशाला पट्टा?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. गाडी भारी होती आणि पुढे बसलेले दोघे वाचले. मागचा मोकळा माणूस पुढच्या आसनावर आदळतो तेव्हा पुढच्या माणसालाही चिरडतो, हे आपण विसरतो. कायद्यानेही मागच्या प्रवाशांना पट्टा आवश्यक आहे. १४ वर्षांखालील मुलांना पट्ट्याने किंवा लहान मुलांच्या खास आसनात सुरक्षित न बसवल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत केलेली आहे. पण दंडापेक्षा मणक्याचा विचार करावा, हे बरे.

एअरबॅग आहेत म्हणून पट्टा नको, ही समजूतही चुकीची आहे. एअरबॅग सेकंदाच्या अगदी लहानशा भागात, फार जोराने फुगते. पट्ट्याने माणूस जागेवर धरलेला असेल, असे गृहीत धरूनच तिची रचना असते. मोकळा माणूस तिच्या फार जवळ फेकला गेला तर तिचाच तडाखा बसतो. म्हणून चालकाने छाती आणि स्टिअरिंग यांत किमान वीतभर, शक्यतो २५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. पुढच्या आसनावर बाळाला मांडीवर घेऊन कधीही बसू नये.

बाळासाठी वेगळे आसन मिळते. ते मधल्या रांगेत, घट्ट बसवलेले असावे. तान्ह्या बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूस असावे, कारण त्याची मान नाजूक आणि डोके शरीराच्या मानाने जड असते. मूल मोठे झाले तरी उंची सुमारे पावणेपाच फूट होईपर्यंत त्याला उंचवटा देणारे आसन लागते. नाहीतर मोठ्यांचा पट्टा गळ्यावर आणि पोटावर येतो. गरोदर स्त्रीने पट्टा टाळू नये. खालचा पट्टा पोटाच्या खाली, कमरेच्या हाडावर आणि वरचा दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या कडेने घ्यावा.

येथे एक गमतीची पण गंभीर गोष्ट. नवी गाडी घरी आली की आपण तिला आधी जाड कव्हरे शिवतो. त्या कव्हरांखाली मागच्या पट्ट्यांची कुलुपे गडप होतात ती कायमची. काही गाड्यांत एअरबॅग आसनाच्या कुशीतच असते, आणि भलते कव्हर चढवले तर ती नीट उघडत नाही. पुढचा पट्टा न लावल्यास वाजणारी शीळ बंद करण्यासाठी नुसती खोटी पट्टी खोचून ठेवणारेही आहेत. या पट्ट्यांची विक्री थांबवण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ साली पाच मोठ्या ऑनलाईन विक्री कंपन्यांना दिला होता. वाचकहो, आज संध्याकाळी आपल्या गाडीची मागची आसने चाचपून पाहा. सगळी कुलुपे सापडली तर आनंद आहे.

आता आजींच्या गुडघ्याकडे वळू. उंच गाडीचा खरा त्रास चढण्या-उतरण्याचा. चढताना चांगला पाय आधी वर ठेवावा, उतरताना दुखरा पाय आधी खाली टेकवावा. दाराच्या वरची मूठ धरावी, दार धरू नये, ते हलते. आधी पायफळीवर उभे राहून आसनावर टेकावे आणि मग दोन्ही पाय एकदम आत वळवावेत. एक पाय आत, एक बाहेर अशा अवस्थेत कंबर पिळली जाते. नऊवारीत हे सोपे नाही, त्यामुळे घाई करू नये आणि मागच्याने "चला, चला" म्हणू नये. वृद्धांना मधल्या रांगेत बसवावे. शेवटच्या रांगेत आसन बुटके असते, गुडघे छातीशी येतात आणि मागच्या चाकांचे हादरेही तेथे अधिक बसतात. गाडी लागणाऱ्या मुलांनाही त्याच कारणाने मागे कोंबू नये. नांदुरीपासून गडावर चढणाऱ्या घाटात ओकाऱ्या होतात त्या बहुधा शेवटच्या रांगेत. अशा मुलांना खिडकीतून लांबवर समोर पाहू द्यावे आणि पोट तुडुंब भरून निघू नये.

चालकाची कंबर हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. तूर्त एवढेच की मागच्या खिशातले पाकीट काढून ठेवावे, पाठ पूर्ण टेकलेली असावी आणि डोक्यामागची उशी डोक्याच्या माथ्याइतकी उंच असावी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवून गाडी चालवू नये. सर्दीच्या काही औषधांनी झोप येते, तेव्हा चालवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. दर दोन तासांनी थांबून पाय मोकळे करावेत. सलग चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास पायातील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले. विमानापुरतेच ते खरे नाही, गाडी आणि रेल्वेलाही लागू आहे.

सात माणसे काचा बंद करून, आतलीच हवा फिरवणारे बटण दाबून बसली की थोड्याच वेळात हवा कोंदट होते, डोके जड होते आणि चालकाला पेंग येते. दुपारच्या जेवणानंतर तर हमखास. अधूनमधून बाहेरची हवा आत घ्यावी. आणि आपल्या खानदेशच्या उन्हात उभ्या गाडीत मुलाला "पाच मिनिटांत येतो" म्हणून ठेवून जाऊ नये. काचा थोड्या उघड्या असल्या तरी अर्ध्या तासात आतले तापमान जिवावर बेतण्याइतके चढते. तसेच उंच गाडीच्या अगदी मागे-पुढे उभे असलेले लहान मूल चालकाला दिसत नाही. अंगणातून गाडी काढताना मुले मोठ्या माणसाच्या हाताला धरलेली असावीत.

आजींच्या घरी रविवारचा बेत थोडा बदलला. थोरला मुलगा, त्याची पत्नी आणि नातू असे तिघे एसटीने गेले. बाळाचे आसन मागवले होते, पण ते वेळेवर आले नाही, म्हणून सून बाळाला घेऊन घरीच राहिली. ती माझ्यावर थोडी नाराज आहे, असे परवा आजी गोळ्या घ्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या. आता मंडळी अक्षय्य तृतीयेला माहेरी जाणार आहेत, तोवर आसन आलेले असेल.