नोकरीपूर्वीची कारकुनी

पदवी परीक्षेचा निकाल लागल्यापासून पहिली नोकरी हाती पडेपर्यंतच्या अवधीला आपल्याकडे रिकामपण समजण्याची रूढी आहे, आणि घरातील वडीलधाऱ्यांपासून शेजारच्या पेन्शनर गृहस्थांपर्यंत सर्वांनी ‘सध्या काय चाललंय?’ अशी पृच्छा करून करून ती दृढ केलेली आहे. परंतु 1970 च्या सुमारास पुण्यात बी. ए. होऊन नोकरीच्या मागे लागलेल्या आम्हा तरुणांना त्या अवधीत जे काम उपसावे लागे ते पाहता, तितकी नियमित कारकुनी एखाद्या मुरलेल्या अव्वल कारकुनानेही त्या काळात केली नसेल. फरक एवढाच की तिला पगार नव्हता, आणि कागद, कार्बन, टपालाची तिकिटे व पोस्टल ऑर्डरी यांचा खर्च मात्र आमच्या, म्हणजे वडिलांच्या, खिशातून होई. जुन्या कचेऱ्यांतून जागा रिकामी होईपर्यंत उमेदवारांना बिनपगारी राबवून घेण्याचा प्रघात होता. तो मोडला असे म्हणतात. माझ्या मते त्याने फक्त कचेरी सोडून आमच्या घरी बिऱ्हाड केले.

अर्ज म्हणजे एक कागद, अशी ज्याची समजूत असेल त्याने त्या काळी अर्ज केलेला नसावा. वर अर्ज, त्याखाली शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्राची, पदवीच्या गुणपत्रकाची आणि टंकलेखनाच्या दाखल्याची सत्यप्रत, त्याखाली वर्तणुकीचे दोन दाखले, आणि सर्वांत शेवटी स्वतःचा पत्ता लिहून तिकीट चिकटवलेला लिफाफा, अशी ती चळत टाचणीने टोचून तयार होत असे. यांतील सत्यप्रत हा प्रकार आजच्या तरुणाला समजावून सांगावा लागेल. झेरॉक्सची दुकाने गल्लोगल्ली निघण्यास अद्याप बराच अवकाश होता, फोटोस्टॅट परवडणारा नव्हता. सबब मूळ प्रमाणपत्रातील मजकूर, विद्यापीठाच्या नावापासून कुलसचिवाच्या सहीच्या जागी ‘सही’ असे कंसात लिहिण्यापर्यंत, अक्षरशः पुन्हा टंकित करावयाचा, माथ्यावर ‘ट्रू कॉपी’ असे ठोकावयाचे, आणि ती नक्कल खरी असल्याबद्दल राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन घ्यावयाचे, असा तो विधी होता.

न्यायालयाच्या आवारात झाडाखाली घडीचे टेबल मांडून बसणारे टंकलेखक हे काम करीत. त्यांतील एका वृद्ध गृहस्थांकडे, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणत असू, मी पुष्कळ वेळ बसलेलो आहे, आणि त्यांच्या हातांकडे पाहताना आपला नंबर लांबला याचे वैषम्य कधी वाटले नाही. पाच कागद आणि त्यांमध्ये चार कार्बन असा थर ते हातात घेऊन टेबलावर दोनदा आपटीत, चारही कडा एका रेषेत आल्या आहेत हे अंगठ्याने चाचपून पाहात आणि मगच तो रुळात सरकवीत. कारण थर तसूभर तिरका गेला की वरची प्रत देखणी येते आणि तळच्या प्रतीत गुणांचे आकडे रकाना सोडून भलत्याच विषयासमोर जाऊन बसतात. खालचे कागद मुद्दाम पातळ घेतलेले असत, तरी तळच्या प्रतीसाठी प्रहार जोराचा लागे, म्हणून पाच प्रतींचा आवाज आणि दोन प्रतींचा आवाज हा दुरूनही निराळा ओळखू येई. एखादे अक्षर चुकले तर प्रत्येक कार्बनमागे चिठोरा घालून पाचही प्रती क्रमाने खोडाव्या लागत. ‘बाळ, नावात चूक झाली तर खोडून देईन,’ ते म्हणत, ‘पण गुणांच्या आकड्यात झाली तर सगळा थर फाडणार. आकड्यावर खाडाखोड दिसली की साहेब सही करीत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.’ अर्जाचा मसुदाही त्यांना तोंडपाठ असे. ‘आय बेग टु अप्लाय’ हे त्यातील पहिले वाक्य. स्वातंत्र्य मिळून वीस वर्षे उलटून गेली तरी पदवीधराने पहिल्याच ओळीत याचना करावी यात कोणाला काही वावगे वाटत नसे, आणि खरे सांगावयाचे तर मलाही त्या वेळी वाटले नाही.

टंकलेखन स्वतःला येणे हे तर अपरिहार्यच होते. 1964 च्या राजभाषा अधिनियमानंतर सरकारी कचेऱ्यांतून मराठीचा वापर वाढत चालला होता, आणि मराठीत मिनिटाला 30 व इंग्रजीत 40 शब्द या गतीचा सरकारी दाखला ज्याच्याजवळ असेल त्याच्या अर्जाला वजन येई. गोदरेजने 1955 मध्ये देशी यंत्र बाजारात आणले होते, तरी पेठांतल्या क्लासांमधून जुन्या रेमिंग्टनचाच खडखडाट अधिक. तिथे ‘एएसडीएफजीएफ’ हे बोटांचे परवचे आठवडेच्या आठवडे म्हणावे लागत. इंग्रजी यंत्र एकदा हाती बसले की माणूस निर्धास्त होतो. मराठी यंत्राचे तसे नाही, कारण ते अक्षर सबंध देतच नाही. ‘ग’ हवा असेल तर आधी त्याचा अर्धा भाग ठोकावा आणि मग काना जोडावा. अनुस्वाराची आणि मात्रेची कळ दाबली तर रूळ जागचा हलत नाही, म्हणून ती अक्षरापूर्वी दाबावी. आणि ऱ्हस्व वेलांटी, जी बोलताना व्यंजनानंतर येते, ती यंत्रावर व्यंजनाच्या आधी उमटवावी. सोळा वर्षे शाळा-महाविद्यालयांत ज्या लिपीत आम्ही निबंध लिहिले, ती कशी जुळते हे मला त्या काळवंडलेल्या यंत्रावर प्रथम कळले.

साक्षांकनाचा अध्याय थोडक्यात आटोपतो. मामलेदार, सरकारी इस्पितळाचे डॉक्टर, शासकीय महाविद्यालयाचे प्राध्यापक अशा राजपत्रित मंडळींपैकी कोणाची तरी ओळख काढावी, संध्याकाळी त्यांच्या व्हरांड्यात थांबावे, जांभळ्या शाईचा गोल शिक्का व सही घेऊन परतावे. मूळ प्रमाणपत्र उघडून ताडून पाहणारे अधिकारी थोडे. पाहणाऱ्यांविषयी आम्हांला आदर वाटे आणि न पाहणाऱ्यांविषयी प्रेम. वर्तणुकीच्या दाखल्यात ‘मी यांना गेली तीन वर्षे ओळखतो’ असे छापील विधान असे, आणि तीन मिनिटांच्या परिचयावर त्याखाली निःशंकपणे सही करणारे सज्जन मी पाहिले आहेत. परमेश्वर त्यांचे कल्याण करो.

यानंतर सेवायोजन कार्यालय, ज्याला सर्वजण नुसते एक्स्चेंज म्हणत. दुसऱ्या महायुद्धाहून परतणाऱ्या सैनिकांना नागरी जीवनात स्थिर करण्यासाठी 1945 मध्ये ही व्यवस्था उभी राहिली, 1948 पासून ती सर्वांना खुली झाली आणि 1956 च्या नोव्हेंबरपासून तिचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. नाव नोंदवल्याच्या तारखेवरून ज्येष्ठता ठरत असल्याने निकालाच्या आठवड्यात तिथे रांग दाराबाहेर जाई. खिडकीतील लेखनिक मान वर न करता विचारी, ‘जन्मतारखेचा दाखला? रेशनकार्ड? अनुभव?’ आणि शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर येणार हे ठाऊक असल्याने ते येण्यापूर्वीच लिहून मोकळा होई. तिथे मी काय लिहिले जाते ते उलट्या बाजूने वाचण्याचा प्रयत्न केला. 1968 च्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात शेतमजुरापासून न्यायाधीशापर्यंत प्रत्येकाला संकेतांक दिलेला होता. पण ज्याने अद्याप कोणतेच काम केले नाही अशा नवख्याची रवानगी ‘एक्स’ या विभागात होई, आणि त्या विभागाचे वर्णन ‘व्यवसायानुसार वर्गीकरण न झालेले’ असे होते. पदवीदान समारंभात झगा घालून जे काही आम्हांला प्रदान करण्यात आले होते, त्याचा शासकीय अनुवाद हा असा होता. टंकलेखनाच्या दाखल्याने मात्र दुसऱ्या, खऱ्याखुऱ्या संकेतांकाखाली आणखी एक नोंद मिळे, म्हणजे बी. ए. ने जे साधले नाही ते दहा बोटांनी साधले.

उमेदवाराच्या हाती एक कार्ड येई, ज्यावर नोंदणी क्रमांक आणि नूतनीकरणाच्या तारखा असत. मुदत उलटू दिली तर नाव कमी होई आणि ज्येष्ठता नव्याने सुरू होई. दुसरे कार्ड कचेरीच्या खणात राही. एखाद्या आस्थापनेने रिक्त जागा कळवली की लेखनिक योग्य तो खण ओढी, ज्येष्ठतेच्या क्रमाने कार्डे उपसून जागांच्या कितीतरी पट नावांची यादी करी, आणि ज्यांची नावे यादीत गेली त्यांना ‘कॉल’ येई. खासगी व सरकारी मालकांनी जागा कळवल्याच पाहिजेत असा कायदा 1959 मध्ये झाला आणि 1 मे 1960 रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले त्याच दिवशी, अमलात आला. 25 किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या खासगी आस्थापनाही त्याच्या कक्षेत होत्या. मात्र त्याच कायद्यात एक पोटकलम असे होते की, जागा कळवली म्हणून ती एक्स्चेंजमार्फतच भरण्याचे कोणतेही बंधन मालकावर येत नाही. खिडकीसमोरच्या रांगेला हे पोटकलम ठाऊक नव्हते, आणि खिडकीमागच्यांना ते सांगण्याचे कारण पडत नसे.

कॉल आल्यावर चाचणी. पत्रात शेवटी एक ओळ हमखास असे: उमेदवाराने टंकलेखन यंत्र स्वतः आणावे. क्लासातील यंत्र अनामत ठेवून भाड्याने घ्यावे, चादरीत बांधून टांग्यात पुढ्यात धरावे, आणि रूळ हिसक्याने निखळू नये म्हणून वाटभर एका हाताने दाबून बसावे, अशा थाटात शहरातले निम्मे पदवीधर परीक्षेला जात. दिवाणखान्याएवढ्या खोलीत तीस-चाळीस यंत्रे एकदम सुरू झाली की स्वतःच्या यंत्राची घंटा ऐकू येत नाही, आणि समासाचे भान सुटून ओळ रुळाच्या टोकाशी जाऊन थबकते. यासाठी अनुभवी मंडळी भिंतीकडची जागा पकडीत. मुलाखतीविषयी लिहिण्याजोगे फारसे नाही. वडील काय करतात, हे विचारीत.

मला जी नोकरी लागली ती वृत्तपत्रातील जाहिरात वाचून केलेल्या अर्जावर, एका लहानशा कंपनीत. एक्स्चेंजच्या कार्डाचा तिच्याशी काही संबंध नव्हता. पहिल्या दिवशी माझ्यापुढे दुसऱ्या एका जागेसाठी आलेल्या अर्जांचा गठ्ठा ठेवण्यात आला आणि सत्यप्रतींवर साक्षांकन आहे की नाही ते पाहून आवक नोंदवहीत नोंदी करण्यास सांगण्यात आले. कोणाला काही शिकवावे लागले नाही.

आता स्वयंसाक्षांकन चालते, यंत्रावरच्या टंकलेखन परीक्षांची जागा संगणकाने घेतली, आणि 2015 पासून केंद्राचे राष्ट्रीय करिअर सेवा संकेतस्थळ सुरू आहे. अर्ज पाठविणे फार सोपे झाले, त्यामुळे तो न वाचता बाजूला सारणेही तितकेच सोपे झाले आहे. 1959 चा कायदा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेण्यात आला असून एक्स्चेंजला तिच्यात करिअर सेंटर म्हटले आहे. रिक्त जागा त्या केंद्रामार्फतच भरण्याचे बंधन मालकावर नाही, हे मात्र तिच्यातही स्पष्ट शब्दांत नमूद आहे.