बातुरवर लाव्हा नसतो, मुरूम असतो

‘ज्वालामुखी’ या शब्दानं आपली बरीच दिशाभूल केली आहे. मुखात ज्वाला, म्हणजे वर जाऊन डोकावलं की आत आग दिसणार, ही समजूत शब्दातच बसलेली. हिमाचलातल्या कांगड्याजवळच्या ज्वालामुखी देवळात ज्वाला खरोखर आहेत, पण तिथं जळतो तो जमिनीतून झिरपणारा नैसर्गिक वायू. ज्वालामुखी तिथं नाहीच. बालीतल्या बातुरचं नेमकं उलटं. हा अस्सल ज्वालामुखी, 1804 पासून वीसहून अधिक उद्रेकांची नोंद असलेला. आणि माथ्यावर ज्वालेचा मागमूस नाही. दिसते ती खडकांच्या फटींतून निघणारी वाफ, तीही हवा थंड असली तर नीट.

हल्ली बालीला जाणाऱ्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात बातुर हमखास असतो. रात्री दोनच्या सुमाराला उबुदच्या हॉटेलातून गाडी उचलते, चारच्या आसपास पायथ्यापासून चढाई, माथ्यावर सूर्योदय, उतरून तळ्याकाठच्या गरम पाण्याच्या कुंडात डुंबणं आणि दुपारच्या जेवणाला परत. बेत छानच आहे. पण या सहलीबद्दल ऐकलेल्या गोष्टींत एक गंमत सारखी दिसते: लोक नसलेल्या गोष्टींना घाबरतात आणि असलेल्यांकडे काणाडोळा करतात. लाव्ह्याची भीती सगळ्यांना, उतारावरच्या मुरमाची कोणालाच नाही.

‘तो आता थंड झालाय, म्हणून तर माणसं नेतात’

थंड झालेला नाही. 1963 मध्ये, शेजारच्या आगुंग ज्वालामुखीनं हाहाकार माजवला त्याच वर्षी, बातुरही सप्टेंबरात पेटला आणि पुढच्या वर्षीच्या मेपर्यंत धुमसत राहिला. नंतर 1968, 1974, 1994 आणि शेवटी 1999-2000. ज्वालामुखीच्या हिशेबात पंचवीस वर्षांची शांतता म्हणजे दुपारची डुलकी.

सर्वांत मोठी आठवण 1926 ची. तेव्हा बातुर नावाचं गाव आणि त्याचं देऊळ डोंगराच्या पायथ्याशी, त्याच्याभोवतीच्या प्रचंड खोलगटातच होतं. लाव्ह्यानं दोन्ही गिळली. गावकऱ्यांनी देवांना घेऊन वरच्या कड्यावर बिऱ्हाड हलवलं, आणि आज किंतामणीच्या रस्त्यावर दिसणारं पुरा उलुन दानु बातुर हे त्या स्थलांतरानंतर उभं राहिलेलं देऊळ आहे. ‘उलुन दानु’ म्हणजे तळ्याचं शीर. या तळ्याची देवी, देवी दानु, बालीच्या भातशेतीचं पाणी राखते अशी श्रद्धा आहे. ‘सुबाक’ या शेतकऱ्यांच्या पाणीवाटप व्यवस्थेला 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं, त्यात हे देऊळ आणि हे तळंही आलं.

जाता जाता: तळ्याच्या पाण्यात उभं असलेलं अनेक छपरांचं ते सुंदर देऊळ, ज्याचा फोटो ‘बातुर’ म्हणून सर्रास फिरतो, ते बातुरचं नव्हेच. ते बेदुगुलजवळच्या ब्रातान तळ्यातलं उलुन दानु ब्रातान, इंडोनेशियाच्या 50,000 रुपियाच्या जुन्या नोटेवर छापलेलं. नावातलं साम्य आणि फोटो पुढे ढकलण्याची घाई, दुसरं काही नाही.

मग जिवंत डोंगरावर माणसांना सोडतात कशी? नजर ठेवून. इंडोनेशियाचं ज्वालामुखी निरीक्षण केंद्र देशातल्या जागृत डोंगरांना चार पातळ्यांत बसवतं: नॉर्मल, वस्पादा, सियागा आणि अवास. पातळी चढली की डोंगराभोवती किती अंतरात फिरकू नये तेही जाहीर होतं. पण ‘पातळी खालची, म्हणजे धोका शून्य’ हा पहिल्याइतकाच वाईट गैरसमज. 3 डिसेंबर 2023 ला सुमात्रातला मारापी (मेरापी नव्हे, तो जावात) दुसऱ्या पातळीवर असताना अचानक फुटला. वर गिर्यारोहक होते. 24 जण गेले. मुखाच्या परिसरात जाऊ नये अशी सूचना आधीपासूनच होती. न्यूझीलंडच्या व्हाइट आयलंडवर 9 डिसेंबर 2019 ला सोबत वाटाडे असलेल्या पर्यटकांवर स्फोट झाला आणि 22 जणांचा बळी गेला. अशा स्फोटांत बऱ्याचदा वर येणारा लाव्हा नसतोच. खडकात अडकलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि झाकण उडतं, प्रेशर कुकरची शिट्टी बिघडावी तसं. त्याची पूर्वसूचना फार कमी मिळते, कधी मिळतही नाही.

याचा अर्थ जाऊ नये असा नाही. सहल ठरवताना एकदा आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा पातळी पाहावी, एवढाच आहे. ‘मॅग्मा इंडोनेशिया’ या सरकारी संकेतस्थळावर ती फुकट दिसते. हॉटेलचा माणूस ‘नो प्रॉब्लेम’ म्हणाला, ही पातळी नव्हे.

‘कळसूबाई केलीय, हे काय अवघड?’

आपल्या माणसाचा हा लाडका प्रश्न, आणि आकड्यांत पाहिलं तर त्याचं चुकतही नाही. बातुरची उंची 1717 मीटर, कळसूबाईची 1646. फरक फक्त 71 मीटरचा. शिवाय बातुरची चढाई तळ्याच्या काठापासून सुरू होते आणि तळंच समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर आहे. म्हणजे चढायचं ते सातशे मीटरच्या आत. पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाईला याहून जास्त चढावं लागतं. इतक्या कमी उंचीवर विरळ हवेचा त्रास होण्याचंही कारण नाही. मुलुंड-डोंबिवलीहून शनिवारी रात्री निघून रविवारी पहाटे माथा गाठणाऱ्यांना दोन तासांची ही वाट दमानं जमते.

फरक पायाखाली आहे. सह्याद्री ज्वालामुखीचाच, पण कळसूबाई कधी ज्वालामुखी नव्हती. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या लांबलचक भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले, आणि पुढे पावसानं व नद्यांनी ते कापून काढले. उरले ते आपले डोंगर. म्हणून आपल्या पायाखाली घट्ट पाषाण असतो, कळसूबाईवर तर लोखंडी शिड्याही. बातुर हा लाव्हा आणि उडालेल्या खड्यांच्या ढिगाचा शंकू. वरच्या टप्प्यात पायाखाली मुरूम असतो: फेसाळ, हलके, काळे-तांबडे खडे, ज्यावर दोन पावलं चढलं की एक पाऊल मागे सरकतं. चढताना याचा फक्त वैताग येतो. पडतात माणसं उतरताना. सूर्योदय झालेला, फोटो काढून झालेले, अंगातली थंडी गेलेली, लक्ष खालच्या गरम पाण्यात. आणि नेमका तेव्हाच टाच घसरते. घसरून हात टेकला तर तो खडा खरखरीत किसणीसारखा सोलतो. चपला, सँडल आणि गुळगुळीत तळव्याचे ‘स्पोर्ट्स शूज’ इथं कामाचे नाहीत.

दुसरी फसगत थंडीची. बाली विषुववृत्तापासून जेमतेम आठ अंश दक्षिणेला, त्यामुळे माणसं समुद्रकिनाऱ्याच्या कपड्यांतच निघतात. पहाटेच्या वाऱ्यात माथ्यावर पारा दहा-पंधराच्या घरात असतो आणि घामानं भिजलेला टी-शर्ट अंगाला चिकटलेला. वर पोहोचल्यावर बदलायला कोरडा शर्ट न्या. जाडजूड जॅकेटपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

आणि जीपची सहल म्हणजे माथ्याची चढाई नव्हे. जीप नेते ती 1963 आणि त्यानंतरच्या उद्रेकांच्या काळ्या लाव्ह्याच्या पठारावर किंवा एखाद्या उंचवट्यावर. गुडघे दुखणाऱ्यांनी खुशाल जीपनं जावं. ते काळं रान माथ्याइतकंच पाहण्यासारखं आहे, माझ्या मते थोडं जास्तच.

‘गाइड म्हणजे निव्वळ लूट’

इथं मी दोन्ही बाजूंनी बोलणार आहे. बातुरवर स्थानिक वाटाड्याशिवाय चढू देत नाहीत. वाटाडे आजूबाजूच्या गावांतले, त्यांची संघटना, दर त्यांनीच ठरवलेले. एकट्यानं निघालेल्यांना अडवल्याच्या, घासाघीस अंगावर आल्याच्या तक्रारी जुन्या आहेत आणि त्या सगळ्या खोट्या नाहीत. चढायची वाट दिवसाउजेडी एखाद्या सह्याद्रीकराला वाटाड्याविना सापडेल, हेही कबूल.

पण चढाई दिवसाउजेडी होत नाही. अंधारात शेकडो विजेऱ्यांची रांग पाहून वाट सोपी वाटते. रांगेतून बाजूला झालं की मुखाच्या कडेला भुसभुशीत काठ आहेत आणि वाफेच्या फटींजवळ खडक तापलेले. कुठला काठ पोकळ आहे, कुठल्या फटीतली वाफ हात भाजेल, हे रोज चढणाऱ्यालाच ठाऊक. शिवाय हा डोंगर ओसाड पर्यटनस्थळ नाही. खोलगटात गावं आहेत, कांद्या-टोमॅटोची शेतं आहेत, तळ्यात तिलापियाचे पिंजरे आहेत. उद्रेक झाला तर याच घरांना पळायचंय. डोंगराच्या उत्पन्नातला वाटा त्यांनी मागितला तर नवल काय? दर आधी, लेखी, माणशी की गटाचा ते विचारून ठरवावा. त्यानं निम्मी भांडणं मिटतात.

वाटाड्याकडून एकच अपेक्षा ठेवू नये: उद्रेकाचं भाकीत. तो वाट जाणतो, भूगर्भ नाही.

लाव्ह्यात उकडलेली अंडी, आणि हमखास सूर्य

अंडी खरी, लाव्हा खोटा. वाटाडे अंडी आणि केळी वाफेच्या फटीत ठेवतात. पावसाचं पाणी मुरून तापलेल्या खडकापर्यंत पोहोचतं आणि वाफ होऊन परत येतं, त्यावर न्याहारी शिजते. म्हणून पावसाळ्यात किंवा गार पहाटे वाफ दाट दिसली की ‘आज जास्त धुमसतोय’ असं समजू नये. चव उकडलेल्या अंड्याचीच असते. माकडं मात्र ती पळवतात, तेव्हा पिशवीची चेन बंद.

सूर्याची हमी कुणी देत असेल तर तो तुम्हाला काहीही विकू शकेल. नोव्हेंबर ते मार्च पावसाचे महिने, तेव्हा कित्येकदा वर फक्त दुधी धुकं मिळतं. एप्रिल ते ऑक्टोबर बरा काळ. आकाश मोकळं असेल तर समोर तळं, पलीकडे कड्यावरचा 2152 मीटरचा आबांग, त्यामागे आगुंग आणि दूर समुद्रापल्याड लोंबोकचा रिंजानी. सूर्य साधारण सहा ते साडेसहाच्या दरम्यान येतो आणि विषुववृत्ताजवळ पहाट रेंगाळत नाही, झरझर उजाडतं.

समोरचं ते तळं ज्वालामुखीच्या मुखात साचलेलं आहे, असं बहुतेक जण समजतात. मुख वेगळं, आपण उभे असतो ते. तळं आहे ते ‘कॅल्डेरा’त. सुमारे 29,000 आणि 20,000 वर्षांपूर्वीच्या दोन प्रचंड उद्रेकांत पोटातला माल बाहेर पडला, आधार गेलेलं छत खचलं आणि सुमारे 14 बाय 10 किलोमीटरचा खोलगट तयार झाला. आजचा बातुर त्या खोलगटात नंतर उगवलेलं पोर. लोणारचं विवर पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद, तेही उल्कापातानं झालेलं; त्यावरून इथल्या आकाराचा अंदाज घ्यावा.

गरम पाणी

कुंडं तळ्याकाठी तोया बुंगकाह गावात आहेत. ‘तोया’ म्हणजे पाणी, आपलं संस्कृतातलं ‘तोय’ तेच. गंधकाच्या झऱ्यात दगडांवर बसून न्हायचं असं चित्र मनात असेल तर ते पुसून टाका. बहुतेक ठिकाणी फरशी बसवलेले तलाव, आरामखुर्च्या आणि कपाटाच्या किल्ल्या असतात. पाणी झऱ्याचं, बाकी थाट रिसॉर्टचा.

आपल्याकडेही वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वराजवळची तुरळ-राजवाडी अशी ‘ऊन’ पाण्याची ठिकाणं आहेत, आणि ‘म्हणजे कोकणाखाली ज्वालामुखी आहे’ असं ठासून सांगणारे काका प्रत्येक सहलीत असतात. तसं नाही. दख्खनचा लाव्हा कधीच थंड झाला. कोकणात पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी वाढणाऱ्या पृथ्वीच्या नेहमीच्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. बातुरला चूल जवळ आहे, डोंगराच्या पोटातली. स्नान सारखं, जळण वेगळं.

‘पायातलं लॅक्टिक अ‍ॅसिड निघून जातं’ हेही तिथं ऐकू येतं. ते तासाभरात आपोआप ओसरतं, तुम्ही डोंगर उतरेपर्यंत. पाय दुखतात ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे, आणि त्या इजा गरम पाण्यानं भरून येत नाहीत. शरीर सैलावतं, बरं वाटतं, हे खरं आणि पुरेसं आहे. त्वचारोग बरे होण्याच्या गोष्टी सोडून द्या. मुरमानं सोललेल्या गुडघ्यांनी तर सार्वजनिक पाण्यात उतरूच नका.

खरा धोका इथंच आहे आणि तो कोणी सांगत नाही. रात्रभर झोप नाही, घाम गेलेला, पोटात एक अंडं. अशा माणसाच्या रक्तवाहिन्या चाळीस अंशांच्या आसपासच्या पाण्यात रुंदावतात, रक्तदाब उतरतो, आणि झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे, हृदयरोगी आणि गर्भवती यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी उतरण्याआधी पोटभर पाणी प्यावं, दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर यावं, कठड्याला धरून सावकाश उठावं. आणि जगात कुठल्याही गरम गोड्या पाण्यात डोकं बुडवू नये, नाकात पाणी जाऊ देऊ नये. केरळातल्या रुग्णांमुळे आपल्याला माहीत झालेला मेंदूचा अमीबा अशाच पाण्यात वाढतो आणि नाकातूनच आत शिरतो. पाणी प्यायल्यानं त्याचा संसर्ग होत नाही.