अलार्मच गप्प झाला तर?

मे महिन्यात रायपूरचा पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो. त्याच महिन्यात, 3 मे 2025 रोजी, छत्तीसगडमधल्या नवा रायपूरमध्ये एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. सुरुवात 5 मेगावॉटची, पुढे 150 मेगावॉटपर्यंत वाढवण्याचा बेत. सर्व्हरला दिलेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणून अशा ठिकाणी तापमान, वीजपुरवठा, डिस्क या सगळ्यांवर सेन्सरचा पहारा असतो. पण सेन्सरला कळलेली गोष्ट योग्य माणसाला वेळेत कळावी, यासाठी वेगळी तजवीज लागते. आपत्तीतून सावरण्याचे आराखडे अनेकदा तिथेच कच्चे राहतात.

14 ऑगस्ट 2003 ची दुपार. अमेरिकेत ओहायोतल्या फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात सव्वादोनच्या सुमारास अलार्म देणारा प्रोग्राम गोठला. तो गोठल्याचं सांगणारा दुसरा अलार्म नव्हता. 2.41 ला मुख्य सर्व्हर पडला. ठरल्याप्रमाणे राखीव सर्व्हरने काम हाती घेतलं, पण गोठलेला प्रोग्रामही सोबत आला आणि तेरा मिनिटांत तोही सर्व्हर पडला. संगणक विभागाला पेजरवर आपोआप संदेश गेला होता. तिथल्या लोकांनी सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि काम झालं असं धरलं. अलार्म येऊ लागलेत का, हे नियंत्रण कक्षाला विचारलंच नाही. कक्षातल्यांना वाटलं, अलार्म नाही म्हणजे सारं ठीक आहे. दरम्यान एकेक वीजवाहिनी बंद पडत होती. चारनंतर अमेरिका आणि कॅनडातले सुमारे पाच कोटी लोक विजेविना राहिले.

म्हणून शांततेचीही नोंद घ्यावी लागते. एकत्र जोडलेल्या गटातले, म्हणजे क्लस्टरमधले, सर्व्हर ठरावीक सेकंदांनी एकमेकांना ‘मी चालू आहे’ असा संदेश पाठवतात. त्याला हार्टबीट म्हणतात. तो थांबला की राखीव सर्व्हर पुढे येतो. अलार्म यंत्रणेचाही असाच हार्टबीट हवा, आणि तो ऐकणारा दुसऱ्या शहरात, दुसऱ्या वीजपुरवठ्यावर आणि दुसऱ्या नेटवर्कवर असावा. आग लागलेल्या इमारतीतल्याच मेल सर्व्हरवरून आगीची खबर पाठवण्यात काय अर्थ?

इशारा निघाला तरी वाटेतही घात होतो. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या अभियंत्याकडून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला, तेव्हा नेहमीचा बॅकअप बरेच दिवस फसतोय हे उघड झालं. तसे इशारे ई-मेलने निघत होते, पण प्रेषकाची ओळख पटवणारी तांत्रिक सही नसल्याने ते नाकारले जात होते. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला.

उलट टोक, म्हणजे अलार्मचा भडिमारही, तितकंच घातक. 1994 मध्ये ब्रिटनमधल्या मिलफर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोटाआधीच्या जेमतेम अकरा मिनिटांत दोन कर्मचाऱ्यांपुढे 275 अलार्म आले. एवढ्यात नेमका कोणता महत्त्वाचा, हे कुणी ओळखावं? झोपेतून उठवणारा फोन फक्त माणसाने लगेच काही करायलाच हवं अशा वेळी यावा; बाकीचं सकाळच्या अहवालात. याबाबतीत छत्तीसगडनेच एक चांगला धडा घालून दिला आहे. इथल्या रेशन व्यवस्थेचं संगणकीकरण झालं तेव्हा तांदळाचा ट्रक दुकानाकडे निघाल्याचा एसएमएस नोंदणी केलेल्या नागरिकांना जाऊ लागला. तांदूळ पोहोचला की नाही, याची ज्याला खरी फिकीर, त्याच्याच हाती खबर.

आणि निर्णय कुणी, किती वेळात घ्यायचा? 24 फेब्रुवारी 2021 ला मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारातले व्यवहार 11.40 ला थांबले. चेन्नईत राखीव केंद्र असूनही कामकाज तिकडे नेलं गेलं नाही. व्यवहार पुन्हा सुरू व्हायला पावणेचार वाजले. त्यानंतर बाजार नियामक सेबीने नियम कडक केले: महत्त्वाची यंत्रणा कोलमडली की 30 मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यापुढच्या 45 मिनिटांत काम पूर्ववत करायचं. 2 मार्च 2024 च्या शनिवारी बाजाराने खास सत्र घेऊन खरे सौदे आधी मुख्य आणि मग राखीव केंद्रावरून चालवले.

नवा रायपूरमध्ये असा सराव ऐन मे महिन्यात व्हावा, आणि पहिली वायर अलार्म पाठवणाऱ्या सर्व्हरचीच काढावी.