ऊन चढले की उतार बदलतो

एप्रिल उजाडला की सिक्कीम-मनालीच्या सहलींची बुकिंग्ज भरतात आणि थंडी सरली म्हणजे बर्फाचा धोकाही सरला, असा समज त्या गाड्यांतून सोबत जातो. ४ एप्रिल २०२३ रोजी गंगटोक-नाथुला रस्त्यावर हिमस्खलनात सात पर्यटक दगावले, तेव्हा वेळ भर दुपारची होती. जाण्याची परवानगी तेराव्या मैलापर्यंतच होती. दुर्घटना पंधराव्या मैलाजवळ झाली. जागेची मर्यादा घालून दिलेली असते, वेळेची मात्र क्वचितच. आणि वसंतात धोका बहुतांशी आदल्या रात्रीच्या आभाळावर नि दिवसाच्या प्रहरावर ठरतो.

रात्र निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता आकाशात सोडून देतो, कणांमधले पाणी गोठते आणि कण एकमेकांना घट्ट सांधले जातात. पहाटे त्या कवचावर बुटाचा ठसासुद्धा धड उमटत नाही. मग ऊन आधी पूर्वेकडच्या, नंतर दक्षिणेकडच्या आणि दुपारनंतर पश्चिमेकडच्या उतारांवर येते. थराच्या पोटात शून्याखालचा गारवा शिल्लक असेपर्यंत वरून झिरपलेले पाणी आतच गोठते. तो संपला की सांधे सुटतात, पाणी खालच्या एखाद्या कठीण पापुद्र्यावर अडते आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारावरचा थर सुटायला निमित्त पुरते. खुणा दिसतात: बूट घोट्यापर्यंत रुतू लागतो, तापलेल्या खडकांखालून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळतात. आभाळ रात्रभर झाकोळलेले असेल तर मात्र सकाळचाही भरवसा नाही, कारण ढगांखाली बर्फ पुरता गोठतच नाही. शिवाय असा ओला बर्फ कोरड्या ताज्या हिमाच्या कित्येक पट जड. तो सावकाश येतो, पण थांबताच सिमेंटसारखा आवळतो.

उन्हाने बर्फ बसतो, घट्ट होतो, असे जाणकारही सांगतात. ते खरेच आहे, पण वितळणे आणि पुन्हा गोठणे अशी आवर्तने झाली तरच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळच्या माणा येथे सीमा रस्ते संघटनेच्या छावणीतील ५४ कामगार बर्फाखाली सापडले, आठ दगावले, आणि तेही पहाटे. तिथे घड्याळ काय कामाचे? काहीच नाही. सलग हिमवृष्टीने उतारावर नवा भार चढला, तेव्हा प्रत्येक प्रहर सारखाच वाईट. तसा इशारा चंदीगडच्या संरक्षण संस्थेने आदल्या संध्याकाळी दिलाही होता. पण तो अख्ख्या जिल्ह्यांसाठी, चोवीस तासांचा होता. हिमवादळात असा सरसकट इशारा योग्यच. उघडिपीच्या एप्रिलमध्ये तो अपुरा. कोणता उतार किती वाजेपर्यंत, हे तेव्हा सांगावे लागते, आणि परवान्यावर जागेसोबत परतीची वेळही छापता येते. यावर व्यवसाय बुडेल अशी ओरड होईल. पण नाथुलाची सहल बहुधा दिवसाची एकच असते. ती पहाटे निघाली तर भाडे तेवढेच राहते, हॉटेलातला नाश्ता तेवढा डब्यात न्यावा लागतो.